नऊ दहाला गेली

॥ श्री ॥

शिरूर,
४ जुलै १९९९

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माथ्यावर श्री नव्हता, म्हणून आधी खाली बसलो आणि मग वाचलं. आपल्याकडे कोऱ्या माथ्याचं पत्र एकाच बातमीचं असतं. तुझे बाबा गेले तेव्हाचं माझं पत्र तू पाहिलेलं आहेस. आणि इथे बातमी काय, तर कंपनीने पेजर दिला! संगणकाशी फार सलगी झाली की देव आधी गळतो, असं दिसतं.

यंत्र कमरेला लावायचं असतं म्हणतेस. पूर्वी घरच्या मालकिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तुझ्या कमरेला जे आहे त्याची किल्ली मात्र कंपनीकडे.

अक्का परवा दौंडहून येऊन गेली. तुझा विषय निघाला की निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेते. पृथ्वीराजचं स्थळ मोडून तू पुण्याला खोली घेतलीस, त्याला सव्वा वर्ष झालं. पोरीच्या खोलीचा उंबरा वलांडला तर नावाची पुतळा न्हाई, हे तिचं वाक्य आता मला रूपं चालवावीत तसं पाठ झालं आहे. पण या खेपेला गाडीत चढता चढता तिने विचारलं, की तिथं पानी कवा येतं? वाक्य प्रश्नार्थी आहे. मी होकारार्थी धरतो.

त्या यंत्रात निरोप कसा घालतात ते कळव. प्रकृतीस जप. श्री काढायला शाई फारशी लागत नाही.

तुझा,
सावळाराममामा


॥ श्री ॥ (घातला आहे. तपासून घ्या.)

पुणे,
१० जुलै १९९९

तीर्थस्वरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

पाणी सकाळी सहा ते साडेसात. आईला नक्की सांगा.

आमचं काम ऐकून तुम्ही हसाल. संगणकात जागा वाचावी म्हणून जुन्या लोकांनी वर्षाचे चार आकडे न लिहिता दोनच लिहिले. ९९ म्हणजे १९९९. आता सहा महिन्यांनी ०० आलं की यंत्राला वाटणार १९०० साल उजाडलं. दोन आकडे त्यांनी खाल्ले, आणि ते शोधत मी रोज दहा तास पडद्यापुढे बसते.

पेजरचं सोपं आहे. सोबतचा नंबर फिरवायचा, ऑपरेटर बाईंना माझा क्रमांक आणि निरोप सांगायचा. त्या इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. निरोप तोकडा हवा. आई निघाली की फक्त गाडी कळवा, मी शिवाजीनगर स्टँडवर उभी राहीन.

मामा, तिच्यासाठी खाट घेतली आहे. मी सतरंजीवर झोपते. खाटेवर अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा राग शिल्लक असेल तर तो आईकडेच राहू द्या, तुमचा लोभ इकडे पाठवा.

आपली,
तेजश्री


॥ श्री ॥ श्री ॥ श्री ॥

पुणे,
२१ जुलै १९९९

तीर्थस्वरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

अक्षर सांभाळून घ्या.

काल सकाळी साडेनऊला मीटिंगमध्ये पेजर वाजला. त्यावर एवढंच होतं: आई ९.१० ला गेली. मामा.

माथ्यावर श्री नव्हता.

मी कुणाला काही न सांगता उठले. पर्स टेबलावरच राहिली, खिशातल्या पैशांवर दौंड गाठलं. आई चार दिवस तुमच्याकडे आहे हे मला कुणी सांगितलं होतं का? गाडीत उभी होते आणि सव्वा वर्षापूर्वी मी तिला शेवटचं काय बोलले तेच डोक्यात फिरत होतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. लिहवत नाही.

दाराला कुलूप. शेजारच्या सरूबाई म्हणाल्या की ती शनवारीच भावाकडं शिरूरला गेली. मी पेजर वाचून दाखवला. त्यांनी तिथेच बसकण मारून असा टाहो फोडला की आळी गोळा झाली. समोरचे मारुतराव तर कवा न्यायचं म्हणून विचारू लागले. मग मी उंबऱ्यावर काय काय बोलले ते मला आठवत नाही.

तिथल्या बूथवरून तुमच्या स्टँडसमोरच्या बूथवाल्या अक्रमला फोन लावला. तो सायकल मारत शाळेत गेला आणि तुम्हाला घेऊन आला. आता तुम्ही काय काय बोललात ते ऐका. मी विचारलं, आई कशी गेली. तुम्ही म्हणालात, अगदी निवांत, खिडकीपाशी होती. मी विचारलं, जवळ कोण होतं. तुम्ही म्हणालात, मी स्वतः पोचवून आलो, शेवटपर्यंत तुझंच नाव काढत होती. माझ्यासाठी थांबला का नाहीत म्हणून मी किंचाळले, तर तुम्ही म्हणालात की ती वेळ कुणासाठी थांबते का! आणि मग म्हणालात, की डब्यात खरवस दिलाय, आजच संपवा.

खरवस! रिसीव्हर लोंबकळत राहिला आणि मी बूथमध्ये खाली बसले.

तशीच मिळेल त्या गाडीने परत फिरले. साडेपाचला शिवाजीनगर. चौकशीच्या खिडकीतले म्हणाले, हिरव्या लुगड्यातली एक बाई अकरापासून चारपर्यंत फलाटावर पिशवी धरून बसली होती, पाणी प्यायलाही उठली नाही. मग गेली.

मामा, ती जिवंत आहे म्हणून मी नाचायला हवं. पण तिने सव्वा वर्षाने पाऊल उचललं आणि मी आले नाही, एवढंच तिला माहीत आहे. आता ती पुन्हा कशाला येईल? खाट तशीच आहे.

आपली,
तेजश्री


॥ श्री ॥

शिरूर,
२५ जुलै १९९९

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जेवण गेलं नाही, हे मामी सांगेल.

मी ऑपरेटर बाईंना सांगितलं होतं, की आई नऊ दहाच्या गाडीने निघाली, स्टँडवर ये. त्या म्हणाल्या, लांब होतंय, छोटं करा. बावीस वर्षं व्याकरणाची सूत्रं शिकवलेल्या माणसाला असं कधी सांगू नये. ‘स्टँडवर ये’ काढलं, ते तुला ठाऊकच होतं. ‘गाडीने’ काढलं, कारण अक्का काही विमानाने जाणार नव्हती. ‘निघाली’चं ‘गेली’ केलं, त्यात एक अक्षर वाचलं. बूथमधून बाहेर पडताना मी चक्क खूश होतो. तुमच्या त्या दोन आकडे खाणाऱ्या लोकांना मी हसलो होतो. त्यांची माझ्या वतीने माफी माग. आणि श्री? जिला श्रीवरून पत्रभर सुनावलं, तिलाच कोऱ्या माथ्याने निरोप धाडला. वर्गात मी असल्या मुलाला बाकावर उभा करतो.

अक्का त्या दिवशी पुण्याहून परस्पर दौंडला गेली. गुरुवारी मी जाऊन आलो. चहा विचारला नाही, पण सोबतचा कागद दिला. चौथीनंतर तिने पहिल्यांदा पेन्सिल धरली आहे. शुद्धलेखन तपासलेलं नाही. माझा तो अधिकार मंगळवारी संपला.

रागव, पण लिहीत राहा.

तुझा,
सावळाराममामा


॥ श्री ॥

तेजा, आशीरवाद.

स्टँडवर बसून माझा जीव आंबला. तू न्हाई आलीस. मनात म्हनलं पुतळे, तुझाच शबुद तुला नडला. लई रागानं दौंडला आले. दिवेलागणीला कुलूप काढत व्हते तर सरूबाई मला बघून वरडली आन् तिच्या हातातली चंची पडली. मारुतराव पायरी चुकला. निम्मी आळी मला हात लावून बघत व्हती. मी म्हनलं आरं मला काय झालंय? तर म्हनत्यात तू सकाळी मेलीस.

मग सरूबाईनं सांगितलं तू उंबऱ्याला कपाळ लावून काय काय बोललीस ते. समदं सांगितलं. मेलेल्या मानसाला ते ऐकू येत न्हाई. मला आलं.

खरवस नासला. म्हैस अजून हाय. खाट कुरकुरत न्हाई ना?

आई


॥ श्री ॥

पुणे,
२ ऑगस्ट १९९९

तीर्थस्वरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

काल पहाटे पेजर वाजला. डोळे मिटून बटण दाबलं. निरोप होता: श्री. आई येते.

दौंडहून ती रेल्वेनेच येणार, पण गाडी लिहायची राहिली होती, म्हणून मी सहापासून स्टेशनवर उभी राहिले. दौंडकडून येणाऱ्या तीन गाड्या सोडल्या. चौथीतून हिरवं लुगडं उतरलं. मी किती वेळ उभी होते हे तिने विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, बरं झालं, फिटलं.

ऑपरेटर बाईंनी श्री कोण म्हणून विचारलं होतं म्हणे. आईने त्यांना ऐकवलं की आधी त्याला लिही, मग मला. आणि तुमच्यावर तिचा राग असा, की घरातून निघणाऱ्या बाईला ‘गेली’ म्हणणारा मास्तर पोरांना काय शिकवत असंल?

हे लिहिताना ती खाटेवर पाय वर घेऊन बसली आहे. खाट कुरकुरते म्हणते.

मामा, ‘आई येते’ मोजून चार अक्षरं आहेत. तुमच्यापेक्षा कमी. लोभ असावा असं लिहीत नाही, तो आहेच. तेवढीच अक्षरं वाचली.

आपली,
तेजश्री