गाडी तयार पाहिजे

१२ नोव्हें., गुरु.
सकाळचा कार्यक्रम झाला. यांनी चोक ओढला, गाडी खोकली, मग जागच्या जागी घुरघुर. सगळा धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, उपम्याला पेट्रोलचा वास. थोड्या वेळानं बंद करून, पुसून, वर ताडपत्री. चाक वीतभरसुद्धा हललं नाही. यापुढे नुसतं 'स.का.' लिहीन, रोज तेच ते लिहायचा कंटाळा आला.

देगलूरला भाचीचा साखरपुडा होता. म्हटलं, एक दिवस गाडीनं जाऊ. "उगं इंजिन झिजवायचं का? ऐनवेळेला काय करशील?" ऐनवेळ म्हणजे कोणती ते मला माहीत आहे. एस.टी.त उभ्यानं गेले. रेशमी साडीचा पार बोळा झाला.

१५ नोव्हें., रवि.
स.का.
मंजूचा फोन, लातूरहून, बूथवरून. बारावीचं कॉलेज, वर क्लास, वर टेस्ट. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते म्हणाली. दमलेली वाटली, पण खुशीत आहे पोरगी. बाबांचे प्रश्न ठरलेले. खोलीचं दार आतून अडत नाही ना, जिन्यात कुणी सायकली लावत नाही ना, चपला दाराजवळ ठेवतेस ना. शेवटी, "भिऊ नको, गाडी तयार हाय."
ती हसली. "बाबा, मी कुठं भिऊन राहिले? तुम्हीच भिऊन राहिलात."
यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात गेले, बॉनेट उघडायला.

६ डिसें., रवि.
स.का. नंतर हे आंघोळीला गेले तेव्हा मीच जाऊन ऑइलचं झाकण उघडलं. आतून पांढरट साय धरलेली, ताकाच्या भांड्याला असते तशी. बाहेर आल्यावर दाखवलं. "जुन्या गाडीला असतंच तसं," म्हणाले.

असतंच कसं? भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं. इंजिन धड तापायच्या आत रोज बंद करायचं, मग आतलं पाणी जाणार कुठं? ऑइलमध्येच ना? सातवीला सायन्स शिकवते मी. पण वर्गातली पोरं निदान ऐकल्यासारखं करतात.

संध्याकाळी जब्बारभाई मिस्त्री आले. मी विचारलं, "गाडी रस्त्यावर चालवायला पाहिजे ना अधूनमधून?" "हाव वहिनी, चालवाय पायजे." लगेच यांनी विचारलं, "रोज चालू करून ठेवली तर चांगलंच ना?" "हाव साहेब, लई चांगलं." जब्बारभाई कुणाचंच मन मोडत नाहीत. चहा घेऊन, दोघांनाही सलाम करून गेले.

१७ जाने., रवि.
भांडण. वाळत घातलेल्या चादरी धुरानं काळ्या झाल्या त्यावरून सुरू झालं. मी बोलून गेले, ही गाडी नाही, देव्हारा आहे, रोज धूप घालायचा आणि पडदा ओढायचा. हे न जेवता ऑफिसची फाइल घेऊन बसले. रविवारी!

बोलायला नको होतं. भूकंपाच्या पहाटे आम्ही लातूरला होतो. यांची थोरली बहीण, आक्का, औशाकडच्या खेड्यात. हे गाडीत बसून चावी फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि गाडी काही सुरू झाली नाही. उजाडल्यावर शेजाऱ्यांनी ढकलून दिली तेव्हा निघाले. पोचेपर्यंत आक्कांना बाहेर काढून चादर घातली होती. भिंत पडली तेव्हाच गेल्या, असं गावातले म्हणाले, डॉक्टर म्हणाले, मी तर कितीदा म्हणाले. यांच्या आत ते अजून पोचलेलं नाही. नांदेडला बदली मागून घेतली, ती भीती पण सोबत आली. आणि आता लेक शिकायला लातूरलाच, तीही तिसऱ्या मजल्यावर.

मला यांची दया येते. रागही येतो. दोन्ही एकदमच येतात आणि तेवढ्यात उपमा करपतो.

१० फेब्रु., बुध.
आता डोकं ठिकाणावर आलंय, लिहिते. लातूरला आहोत, मंजूच्या घरमालकीणबाईंकडे.

शाळेतून आले तर ताडपत्री खाली आणि हे गाडीत. ऑफिसात कुणीतरी सांगितलं, लातूरला हादरा बसला, लोक मैदानात जाऊन बसलेत. फोन लावला तर लागेना. "रेडिओवर तर काही नाही," म्हटलं. "रेडिओला काय माहीत? तिला घेऊनच येतो. गादी, पुस्तकं, सगळं. परीक्षा पुढल्या वर्षी देईल." परीक्षा तोंडावर आलेली आणि म्हणे पुढल्या वर्षी! पोरीनं दोन वर्षं घासलीत ती काय उगीच? पण घराला कुलूप मीच लावलं. मीही बसले. यांना अडवायला की मंजूला बघायला, मलाच सांगता येणार नाही.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू. "बघितलं?" यांचा चेहरा किती दिवसांनी असा उजळलेला. गाडी जन्मात पळवली नाही इतकी पळवली. सोनखेड गेलं आणि लाल दिवा लागला.
"ऑइलचा दिवा आहे. थांबा."
"ऑइल परवाच बघितलंय, काठोकाठ हाय."
"थांबा हो!"
थांबले नाहीत. आधी टकटक, मग खडखड, मग लोह्याच्या अलीकडे एक धक्का आणि सगळं चिडीचूप. चावी फिरवली. परत फिरवली. परत. मी तो हात धरून थांबवला.

ट्रॅक्टरनं ओढून लोह्याच्या गॅरेजात नेली. खालून उघडली तर ऑइल होतं, काठोकाठ, पण त्याचा चिखल झालेला. ऑइल गाळायची जाळी गच्च चोंदलेली, वर इंजिनात काही चढतच नव्हतं. हे त्या मिस्त्रीला सारखं सांगत होते, "रोज चालू करत होतो हो. एक दिवस चुकवला न्हाई." माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, साय, भाताचं झाकण, सगळं. गिळलं.

मग एस.टी. पकडली. चाकूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "याही टायमाला न्हाई पोचलो." मी यांचा हात हातात घेतला. भर बसमध्ये, चारचौघांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

मंजू गल्लीच्या तोंडाशीच भेटली. क्लास सुटलेला, मैत्रिणींबरोबर पेरू खात उभी. "हादरा? कधी?" सगळ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कशाचा हादरा नि कशाचं काय. कुणाच्या तरी गच्चीवर टाकी फुटली होती म्हणे, त्याचं नांदेडला जाईपर्यंत हे झालं.

तरी हे म्हणालेच, "चल घरी. सामान भर."
"गाडी कुठंय?"
"लोह्याला. बंद पडली."
"मग माझी गादी काय एस.टी.च्या टपावर टाकता?" मग यांच्याकडे नीट बघितलं आणि आवाज बदलला पोरीचा. "बाबा, गाडी बंद पडली तरी तुम्ही आलातच ना? पोचलात ना? झालं तर मग. जेवलात का काही?"

हे तिथंच पायरीवर बसले आणि रडले. पोरींनी पेरू मागे लपवले. मी त्या मेलेल्या इंजिनाचे मनातल्या मनात आभार मानले. ते धडधाकट असतं तर पोरीचं वर्ष आज गादीबरोबर मागच्या सीटवर पडलं असतं.

२१ फेब्रु., रवि.
स.का. बंद. गाडी लोह्यातच, इंजिन सगळं खोललंय. यांना जाग मात्र त्याच वेळेला येते. चावी घेऊन अंगणात जातात, रिकाम्या जागेपाशी उभे राहतात, परत येतात. धूर नाही. उपम्याला उपम्याचा वास. मी इतकी वर्षं हेच मागत होते, आणि आता हे रिकामे उभे दिसले की ताटलीतला उपमा तसाच राहतो.

७ मार्च, रवि.
गाडी काल आली. आवाज एकदम मऊ. मिस्त्रीनं सांगून पाठवलंय की लांबवर चालवत जा. जब्बारभाईही येऊन बघून गेले. "हाव, चालवायच पायजे."

मंजूचे पेपर चांगले जाऊन राहिलेत. फोनवर म्हणाली, दशम्या खाव्याशा वाटतात.

आज यांनी ताडपत्री काढली, चोक ओढला. मी दशम्यांचा डबा घेऊन बाहेर आले, फाटक सताड उघडलं आणि शेजारी जाऊन बसले.
"हे काय?"
"लातूर. पोरीला डबा द्यायचाय."
"वाटंत परत बंद पडली तर?"
"तर एस.टी. हाय की."

हे लिहितेय ते गाडीत बसून, डब्यावर वही ठेवून. अक्षर हलतंय. इंजिन केव्हाचं तापलंय, काटा मधोमध आलाय. रोज या वेळेपर्यंत बंद झालेलं असतं. आज बंद केलेलं नाही. क्लच दाबून बसलेत, नजर फाटकाबाहेर रस्त्यावर. गिअर अजून टाकलेला नाही.