घरून विरोध आहे

२ मे
आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घ्यायचा आहे, आणि अशा वेळी माणसाने निदान स्वतःशी तरी प्रामाणिक राहावं.

आधी परिस्थिती. वय चव्वेचाळीस. नोकरी ग्रंथालयात, काम फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती. आमचे विभागप्रमुख पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. ग्रंथपालांनी सकाळी बोलावून सांगितलं, जुन्या कागदांच्या जतनाचा वर्षाचा डिप्लोमा करून या, भरपगारी रजा देतो, परत आलात की विभाग तुमचा. मी आधीच दोन कॉलेजांत अर्ज केला होता, दोन्हीकडे निवड झाली आहे. एक लांब, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. जुनं, नावाजलेलं, हॉस्टेल असलेलं. दुसरं आमच्या घरासमोर. रस्ता ओलांडला की गेट. तिथे हा कोर्स यंदाच सुरू होतोय, संध्याकाळचा.

मी तिथल्या तिथे म्हणालो, लांबचं. ग्रंथपाल म्हणाले, मग ठरलं. मी म्हणालो, ठरलंच आहे, फक्त घरी सांगायचं आहे.

३ मे
घरी सांगितलं नाही. बाबा बातम्या बघत होते. बातम्यांच्या मधे माणसाला धक्का देणं बरं नव्हे. बातम्यांनंतर हवामान होतं.

४ मे
लांबच्या कॉलेजची बाजू स्वच्छ मांडून ठेवतो. कार्यशाळा मोठी, उजेड भरपूर. शिक्षक मुरलेले. कागद धुवायच्या तीन टाक्या. समोरच्या कॉलेजात एकच, तीही अजून खोक्यात. हे सगळं अभ्यासाच्या दृष्टीने.

वेबसाइटवर हॉस्टेलच्या खोलीचा फोटो आहे. माहिती पूर्ण असावी म्हणून तोही पाहिला. खाट, टेबल, खिडकी. दाराला आतून कडी. फोटो मोठा करून पाहिला. कडीच आहे. याचा निर्णयाशी संबंध नाही.

(माझी इथली खोली म्हणजे गॅलरीत जायचा रस्ता. आई कपडे वाळत घालायला जाते. बाबा ते वाळले का बघायला जातात. मग आई बाबांना जेवायला बोलवायला जाते. दार लावायचा प्रश्न नाही, कारण दार नाही. कपाटाला आपटायचं म्हणून बाबांनी मी बीएला असताना काढून टाकलं.)

६ मे
सांगितलं. चहाच्या वेळी.

संमती मागायची तर काही लपवू नये, म्हणून तोटे आधी सांगितले. तिकडे थंडी मरणाची. जेवणाचं काही सांगता येत नाही. मला धुळीची ॲलर्जी. तुम्ही दोघं सत्तरीपुढचे. ताई दुसऱ्या शहरात. मी फायद्यांकडे वळणार तेवढ्यात आईने विचारलं, मग जातोस कशाला? बाबा म्हणाले, समोर गेट असताना रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, ही कुठली हुशारी. आई म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

थोडक्यात, घरून विरोध आहे.

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट रात्री दोन घास जास्त गेले. ताणाखाली भूक वाढते, असं वाचल्याचं आठवतं.

७ मे
शेजारच्या टेबलावरच्या सहकारी, ज्यांना सगळं ग्रंथालय तुरंतबाई म्हणतं, त्यांना परिस्थिती सांगितली. (यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत फ्लॅट पसंत केला आणि चहाच्या सुट्टीत नापसंत केला.) म्हणालो, जायची फार इच्छा आहे, पण घरून विरोध आहे. त्यांनी विचारलं, कोणाचा, मुलांचा? मी म्हणालो, मला मुलं नाहीत. बायकोचा? मी म्हणालो, लग्न झालेलं नाही, आईवडिलांचा. त्या खळीचा ब्रश हातात धरून माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. खळ पानावर ठिबकली. मी ते दाखवून दिलं. कामात लक्ष हवं.

१० मे, रविवार
आज विरोध मोडून काढायचा होता. शांतपणे, मुद्देसूद, नाश्त्यानंतर. पण आईचा गुडघा दुखत होता. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाशी मुद्देसूद बोलणं हा अन्याय आहे. संध्याकाळी ती बाबांबरोबर बागेला दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, आता बरं वाटतंय. मला बरं वाटावं म्हणून बोलली. मला कळतं.

१३ मे
ताईचा फोन. तिला आईकडून कळलेलं. म्हणाली, अरे, चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालायस, जा की. मी म्हणालो, तुझं बरंय, तू लांब राहतेस, आईबाबांचं इथे कोण बघणार? ती म्हणाली, मी त्यांना केव्हाची बोलावतेय माझ्याकडे, ते येत नाहीत, म्हणतात, हा एकटा कसा राहील. मी म्हणालो, बघ, किती जीव आहे माझ्यावर. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. लाइन खराब असावी.

१६ मे
दुसरी फेरी. आपण मागच्या वेळी तोट्यांपासून सुरुवात केली हे चुकलं का, असा प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर आलं, थोडंसं. म्हणून आज फायदे आधी. तीन टाक्या. बाबांनी विचारलं, टाक्यांत काय? म्हटलं, कागद धुतात. बाबा म्हणाले, विरघळत नाही? मी समजावून सांगितलं, कागदातलं आम्ल कसं निघतं, पिवळेपणा कसा जातो, ओलं पान कसं उचलायचं. अर्धा तास बोललो. बाबा पुढे सरकून ऐकत होते. म्हणाले, हे भारीच आहे रे. आई म्हणाली, आणि हे तिथेच चांगलं शिकवतात? म्हटलं, हो.

मग जरा शांतता झाली. मला ती बरी वाटेना. मी विचारलं, पण तुमचं अजूनही नाहीच ना?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई म्हणाली, नाहीच.

प्रयत्नांत मी कुठे कमी पडलो असं म्हणता येणार नाही.

२० मे
संकट. बाबा सकाळी दाढी करता करता म्हणाले, जा तू, तुला जायचंय ना, जा.

माझ्या तोंडात ब्रश होता, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. दिवसभर विचार केला. बाबा आरशात बघत बोलले. आरशात बघून दिलेली परवानगी खरी धरायची का? तोंडाला फेस असताना माणूस मनापासून बोलत नसतो. आपण त्यांच्या कमजोर क्षणाचा फायदा घेता कामा नये.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा मोजपट्टी घेऊन माझ्या खोलीत. आई रिकाम्या चौकटीत उभी राहून विचारत होती, खाट हलवली तर शिलाई मशीन खिडकीशी बसेल का? दुःखात माणूस हात गुंतवून घेतो. मी मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं.

२१ मे
आईशी एकटीशी बोललो, स्वयंपाकघरात. म्हटलं, बाबा हो म्हणालेत, पण तुझं काय? तुमची औषधं कोण आणणार? म्हणाली, दुकानदार घरी पाठवतो. सिलिंडर कोण उचलणार? म्हणाली, तुझी पाठ धरल्यापासून तो माणूसच आत आणून ठेवतो. रात्री-अपरात्री काही झालं तर? म्हणाली, खालच्या मजल्यावर डॉक्टर आहे, तू काय करणार, तू तर रक्त बघून खाली बसतोस.

ती सगळं मनात दाबून बोलत होती, हे उघड होतं. मी म्हणालो, आई, माझी शपथ, खरं सांग. ती बराच वेळ कांदा चिरत राहिली. मग म्हणाली, बरं बाबा, नको जाऊस.

डोळ्यांत पाणी होतं. कांदा होता हे मान्य. पण मुलाला कळतं.

२२ मे
ग्रंथपालांना सांगितलं, घरून अजून विरोध आहे, तरी मी प्रयत्नांत आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, तुम्ही दोन्हीपैकी कुठेही जा, पण कुठे तरी जा. समंजस माणूस. लांबच्या कॉलेजला प्रवेश पक्का करायची मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे. अजून काहीही होऊ शकतं.

२५ मे
सगळं प्रामाणिकपणे लिहितो.

दुपारपासून कॉम्प्युटरसमोर होतो. मुदत पाचला संपणार होती. शेवटचं एक बटण दाबायचं बाकी, त्यावर लिहिलेलं ‘निश्चित’. माझं मन तयार होतं. फक्त घरी एकदा शेवटचं विचारावं म्हणून फोन केला. कोणी उचलला नाही. पुन्हा केला. बाबांच्या मोबाइलवर केला, तो बाबा घरीच ठेवतात. तुरंतबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी दाबू का? मी म्हणालो, असं नसतं हो. त्या म्हणाल्या, कसं असतं? मी परत फोन लावला. पाच वाजले. बटण राखाडी झालं.

तुरंतबाई पर्स उचलून निघून गेल्या. म्हटलं, घरच्यांशी संपर्कच झाला नाही. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

२६ मे
काल रात्रीचं आज लिहितोय. काल लिहवलं नाही.

आईबाबा सातला घरी आले. मी दार उघडून लगेच सांगितलं, काळजी करू नका, मी समोरच्याच कॉलेजात जाणार. मला वाटलं, चेहरे खुलतील. बाबा खुर्चीत बसले. त्यांनी खिशातून दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवली. स्टेशनवर गेले होते. ताईकडे जायची तिकिटं, तीन महिन्यांसाठी. आई म्हणाली, आम्हाला वाटलं, आम्हीच इथे नसलो तर तू जाशील.

मी म्हणालो, पण तुमचा तर विरोध होता.

आई म्हणाली, तुला जे करायचं असतं ते तू कधी विचारून केलंयस? सायकल विकलीस, विचारलंस? या नोकरीचा अर्ज टाकलास, विचारलंस? तू विचारतोस ते नको असतं तेव्हाच. शाळेच्या सहलीला जायचं नव्हतं, तेव्हा असाच येऊन उभा राहिलास, बस जुनी आहे म्हणालास. बाहेरगावची नोकरी आली, तेव्हा म्हणालास, तिकडे पाणी बाधतं म्हणतात. आणि त्या मुलीचं. आधी म्हणालास, ती माझ्याहून मोठी आहे. मग म्हणालास, तिची आई आजारी असते. मग म्हणालास, तुम्हाला नाहीच ना आवडणार? आम्ही म्हटलं, नाही. त्या रात्री तू गाढ झोपलास. मी दोनदा येऊन बघितलं. नाही म्हणायचं काम तू आम्हाला लावून दिलंस, आम्ही ते करत आलो.

बाबा म्हणाले, मला आवडली होती ती.

मी म्हणालो, मग एकदा तरी हो म्हणायचं. आई म्हणाली, म्हणाले की परवा हे, दाढी करताना. आरशात तुझं तोंड दिसत होतं त्यांना. आत येऊन मला म्हणाले, पोराचा चेहरा बघवला नाही.

मग आईने पानं घेतली. तिघंही जेवलो.

यावर शांतपणे विचार करायला हवा. रविवारी करतो.

३१ मे, रविवार
आईबाबांच्या बॅगा भरण्यात दिवस गेला. आता जाऊन काय उपयोग, असं मी म्हणालो. बाबा म्हणाले, तुझ्यासाठी नाही, आता आम्हालाच जावंसं वाटतंय.

३ जून
दोघांना गाडीत बसवलं. आई खिडकीतून काही सांगेल असं वाटलं. ती डबा कुठे ठेवला ते शोधत होती. बाबांनी हात हलवला. गाडी हलायच्या आधीच हलवला.

घरी आलो. घर माझ्या एकट्याचं. खोलीतून कोणी गेलं नाही, आलं नाही. बराच वेळ खाटेवर बसून होतो. कपडे गॅलरीतून आत घ्यायचे राहिले.

१५ जून
समोरच्या कॉलेजात पहिला तास. आम्ही आठ जण. शिक्षक माझ्याहून लहान, मला सर म्हणतात. ओळख करून घेताना त्यांनी प्रत्येकाला विचारलं, हेच कॉलेज का निवडलं? एकीचं बाळ लहान. एकाची दिवसा नोकरी. माझ्याजवळ मोठं उत्तर होतं, पण तोंडातून निघालं, जवळ पडतं. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्याला विचारलं.

मग सांगितलं की विशेष विषय एकच घ्यायचा, कागद किंवा चामड्याची बांधणी. उद्या संध्याकाळपर्यंत नाव द्या. बाकीच्यांनी तिथेच हात वर करून सांगून टाकलं. शिक्षक म्हणाले, तुम्ही सावकाश विचार करा, सर.

विचार करायला काय आहे? मी चामडं घेणार. एकोणीस वर्षं कागदच करतोय. हे मी स्वतः, कोणालाही न विचारता ठरवलं आहे, आणि त्याचं मला समाधान वाटतं.

सकाळी ताईकडे फोन करून आईबाबांशी बोलतो. विचारायला नाही, नुसतं कळवायला. फक्त चामड्याला वास फार येतो, तो घरभर बसतो, आणि आईचं डोकं उठतं, तेवढं आधी सांगितलेलं बरं.