एक मिनिट कमी

सोमवार, ३
आज कामावर रुजू झाले. घर लहान पण लख्ख. माझी खोली स्वयंपाकघराला लागून, खिडकीत सकाळचं ऊन. आजी अंथरुणाला खिळलेल्या, तोंडाचं पार बोळकं. त्यांची मुलगी, तिला मी मावशी म्हणते. काम एकच: आजींना पास्ता करून भरवायचा. दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही. वीस मिनिटं उकळून अगदी गिचका केला, वर लोणी, दूध, किसलेलं चीज, चिमूटभर मिरपूड. आजींनी वाटी चाटूनपुसून संपवली. म्हणाल्या, हाताला चव आहे गं तुझ्या. धाकट्या बहिणीला फोन केला. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. मजेत आहे म्हटलं, आणि ते खरंच होतं.

गुरुवार, ६
आजी म्हणाल्या, रोज एक मिनिट कमी शिजव, दाताखाली काहीतरी लागू दे. दात आहेत कुठे, मी विचारलं. दोघी खूप हसलो. लोण्यात लसूण परतून टोमॅटो घातला होता, घरभर वास. आजींनी चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खाल्लं. मावशी म्हणाल्या, तुझाच पायगुण.

बुधवार, १२
तेरा मिनिटं. आजी आता उठून बसतात. त्यांच्या हिरडीवर पांढरं काही दिसलं. अन्नाचा कण असेल म्हणून पुसायला गेले तर टणक लागलं. दात. माझी दाढ मात्र हलतेय. दंतवैद्यांनी वय विचारलं. सत्तावीस म्हटल्यावर ते लिहिता लिहिता थांबले.

सोमवार, १७
आठ मिनिटं. चाळणीत पास्ता ओतताना मनगटं लटपटली. कंगव्यात केसांचा पुंजका, पांढरा. आजी चालत स्वयंपाकघरात आल्या आणि मलाच धरून खुर्चीत बसवलं. मावशींना म्हटलं, मला घरी जायचंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, तुझ्या आधीचीही असंच म्हणायची. जाऊ तरी कशी? जिना उतरवत नाही.

गुरुवार, २०
काल रांधलं नाही. आजी संध्याकाळी पुन्हा वाकल्या, कण्हू लागल्या. तेव्हा कळलं. जी रांधते तिचं जातं, जी खाते तिला मिळतं. मावशींनी फोन काढून घेतला. आज दोघींनी माझा हात धरून पातेल्यात चमचा फिरवला. हात माझा होता. तेवढं पुरलं.

रविवार, २३
आजींच्या पलंगावर आता मी. दात एकही नाही. आरसा — नको. मावशी चमच्यानं दूध पाजतात. म्हणतात, तू गेलीस तर आईला मिळालेलंही जाईल, तुला जगवायला हवं. पण स्वतः रांधणार नाहीत. रांधणारी शोधतायत.

मंगळवार, २५
दारात धाकटी. आवाजावरून ओळखलं. फोन लागेना म्हणून आली. मावशींनी सांगितलं, तुझी ताई गेल्या आठवड्यातच काम सोडून गेली. हाक मारली — तोंडातून नुसती हवा. ती आत आली. माझ्याकडे बघितलं. मला आजी म्हणाली.
तिच्यामागे खऱ्या आजी, काळेभोर केस, ताठ. म्हणाल्या, तुझी ताई सामान न्यायला येईलच, तोवर इथेच राहा, या म्हातारीला दोन घास करून घाल.
धाकटी हो म्हणाली.

बुधवार, २६
ही वही तिच्यापुढे धरली. एक अक्षर लागेना तिला. आजी, किती गिरगटता, म्हणाली. वही परत माझ्या हातात दिली. पाणी उकळतंय. ती गुणगुणतेय.
खायचं नाही. उपाशी मेले तरी — खायचं नाही.
लोण्याचा वास. पोटात आग पडलीय.
वाटी घेऊन आली. फुंकर घालते. गालावरून हात फिरवते, आई फिरवायची तसा. म्हणते, एकच घास, माझ्यासाठी.
ओठ मिटून धरलेत, घट्ट, पण ते आपोआप —