दारात उभे राहून

ती. दाजींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (जमिनीवर अजून गाळ आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असे समजावे.) तुमची पाठ कशी आहे? ताईचे गुडघे? आमचे विचाराल तर पुरात घर गेले, बाकी ठीक. आईसह आम्ही शाळेच्या वर्गात राहतो. मी शेवटच्या बाकाशी, म्हणजे लहानपणी बसायचो तिथेच.

पूरग्रस्तांच्या मदतीचे नियम सुधारणाऱ्या समितीत तुम्ही होतात, याचा आम्हाला केवढा अभिमान! पूर्वी पाहणीला माणूस यायचा, उशिरा यायचा, वर चहा मागायचा. पण त्याला डोळे असायचे. आता सगळे फोनवर. ‘कुटुंबाने नुकसानग्रस्त घराच्या दारात उभे राहून फोटो काढावा.’ वाचताक्षणी ही म्हणाली, वाक्य दाजींचंच. आमचे दार मात्र भिंतींबरोबरच वाहून गेलेले. नुसत्या जोत्यावरचा फोटो पाठवला की फोन म्हणे, ‘दार आढळले नाही.’ शेवटी हात टेकले आणि कोपऱ्यावरच्या सुताराकडून दार मागून आणले. (गिऱ्हाइकाचे होते, नवे कोरे, पितळी कडीचे, त्याच्याकडे तेवढेच तयार होते.) चौकटीसकट जोत्यावर उभे केले. मागून हिने धरले, म्हणून ती कुटुंबात आली नाही. पुढे आई आणि मी. सुताराने फोटो काढला आणि तो लगेच मंजूर! निघताना आईने सवयीने कडी लावली, ओढूनही पाहिली. मला हसू फुटले, ते आवरेना, आणि मग ते हसू राहिले नाही.

उत्तर आले: ‘दार सुस्थितीत. घर राहण्यायोग्य. मदतीस अपात्र.’ कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून भला माणूस. त्याला म्हटले, ‘अहो, दार सुताराचं आहे.’ तो दचकलाच. ‘हळू बोला. दार तुमचं असेल तर घर शाबूत, दुसऱ्याचं असेल तर फसवणूक. काय लिहू?’ मी म्हटले, येऊन बघा की. तर म्हणे, तसं पूर्वी होतं, आता सुधारलंय. दाजी, मला तुमचा राग आला आहे, फार आला आहे. जेवताना ताईला नुसते विचारले असतेत, की पुरात आधी काय जातं, तरी तिने सांगितले असते. याच घरात वाढली ती.

तुमचा अपात्र मेहुणा

ता. क. सुताराने दार नेऊन गिऱ्हाइकाकडे बसवले. म्हणजे सरकारदरबारी आमचे राहण्यायोग्य घर सध्या त्याच्या जिन्यापाशी आहे.

आणखी ता. क. वाक्य बदलायचे तेव्हा बदला. सोमवारी शाळा भरते, वर्ग रिकामा करायचा आहे. आम्ही दोघे सुताराच्या दुकानात भुशावर पडू, पण आईला तिथे खोकला सोसणार नाही. तिला उद्याच्या गाडीने तुमच्याकडे पाठवतो आहे. बोलावल्याशिवाय ती आत पाऊल टाकायची नाही, तुमच्या दारात उभी राहील. फोटो काढू नका. आत घ्या.