दोन्ही डोळे एकत्रच न्यावेत

हे लिहायला मी फार टाळाटाळ केली. समीरने कोरे कागद आणून दिले त्याला बरेच दिवस झाले. आधी पेन चालेना. पेन आणायला हज़रतगंजला निघाले, ती तशीच पुढे चौकात मलाई मक्खन खायला गेले आणि परत आले तेव्हा पेन राहिलंच होतं. आता मंगळवारी ऑपरेशन आहे आणि आज रविवार. टाळायला जागा उरली नाही. म्हणून:

मी, पूर्वा पंढरीनाथ खटावकर, वय सत्तावीस, धंदा भटकणे (समीर म्हणतो असं लिहू नकोस, तर ‘डोंगरात पर्यटकांना वाट दाखवणे’ असं वाचावं), मूळ गाव सातारा जिल्ह्यात, सध्या राहणार विकास नगर, लखनऊ, घरमालकांच्या गच्चीवरची खोली, हे लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे, मला कोणी धमकावलेलं नाही, दारू प्यायलेली नाही. डोक्यात एका रक्तवाहिनीला फुगा आलाय, पण तो विचारांच्या आड येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणतीच गोष्ट पूर्ण केलेली नाही, बी.एस्सी.सुद्धा.

१. स्थावर मालमत्ता: नाही. इथलं, लखनऊमधलं तेलीबागचं घर माझ्या वडिलांचं आहे, त्यावर माझा हक्क मी सांगत नाही. तिथला जुना, घरघर करणारा फ्रिजही त्यांचाच. त्याच्या लोण्याच्या कप्प्यात आईच्या बाटल्या असायच्या. त्याबद्दल पुढे येईलच.

२. मोटारसायकल: जयसिंग चाचांना द्यावी. सीतापूर रोडवर मी त्यांच्या ट्रॅक्टरला जाऊन धडकले. डावीकडून येत होता, मला दिसलाच नाही. त्यांनीच मला उचललं, ट्रॉलीतल्या उसावर आडवं केलं आणि दवाखान्यापर्यंत ओरडत आणलं, “बिटिया, इतना बड़ा लाल ट्रैक्टर! अंधे को भी दिख जाए!” मी म्हटलं, “चाचा, आधी अंधी ही हूँ,” अर्धी आंधळीच आहे. त्यांनी डोक्यावरचा गमछा काढून माझ्या डोक्याला बांधला. डोक्याचं स्कॅन झालं ते त्या धडकेमुळे, आणि फुगा सापडला तो त्या स्कॅनमुळे. इंजिन चारा कापायच्या मशीनला लावीन म्हणतात. लावा.

मोटारसायकल खरं तर समीरला हवी होती. समीर म्हणजे घरमालकांचा मुलगा, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हे सगळं तोच मला शिकवतोय. मी म्हटलं, तुझ्या नावाने लिहू? तर म्हणाला, “यार, जिसको कुछ मिलता है, उसको गवाह नहीं बनाते. कल को कोई भी उँगली उठा देगा.”

“मग ठरव. साक्षीदार की बाइक?”

“गवाह,” तो म्हणाला, आणि जिन्याखाली उभ्या गाडीकडे त्याने असं बघितलं की मला हसू आलं. डोकं दुखलं, तरी हसले.

३. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, दोर: तीर्थन खोऱ्यात अनीश नावाचा मित्र होमस्टे चालवतो, त्याला. तंबूची चेन उजव्या बाजूची लागत नाही, हे त्याला सांगावं. तिथे देवदाराखाली तंबू लावला की पहाटे कापडावर बर्फाची साय धरते आणि बोटाने टिचकी मारली की... असो.

४. माझे डोळे. मृत्युपत्र खरं या कलमासाठी आहे.

माझी आई, डॉ. मुक्ता खटावकर, इथल्याच एका प्रयोगशाळेत होती. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशी मरण्यापासून कशा वाचवायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. मला लहानपणी सांगायची, “अगं, पडदा म्हणजे मेंदूच आहे. बाहेर डोकावायला आलेला.” आणि सांगायची की गेलेली पेशी परत येत नाही. असलेली टिकवायची, एवढंच आपल्या हातात. तिला काचबिंदू होता, तिच्या आईला होता, आणि मी चौदा वर्षांची असताना मलाही निघाला. डॉक्टरांची औषधं दोन्ही डोळ्यांत चालूच होती. त्याशिवाय आई रोज जेवणानंतर फ्रिजमधली छोटी बाटली काढायची, मला खिडकीपाशी बसवायची आणि तिने स्वतः शोधलेलं औषध माझ्या डोळ्यात घालायची. एक थेंब. उजव्या डोळ्यात. फक्त उजव्या.

याला परवानगी नव्हती. ती कोणाला विचारूही शकत नव्हती. हे मी लिहिते आहे कारण आता तिला कोणी काही करू शकत नाही.

एकदा मी विचारलं, “आई, डाव्यात का नाही?”

ती बाटलीचं झाकण लावत होती. म्हणाली, “मग कळणार कसं?”

त्या एका वाक्यावर मी घर सोडलं असं मी जगभर सांगत फिरले. रोहतांगला सांगितलं, गोकर्णला सांगितलं, कोणी चहा पाजला की सांगितलं. माझ्या आईने माझा एक डोळा तुलनेसाठी ठेवला. लोक तोंडाला हात लावायचे. आज उजव्या डोळ्याने मी हा कागद लिहिते आहे आणि डावा म्हणजे धुरकट काच. तिचं औषध चाललं म्हणायचं का? लीलावती मावशी म्हणते, एकीवरून काही सिद्ध होत नाही.

लीलावती मावशी आईच्या प्रयोगशाळेतली सहकारी. गेल्या आठवड्यात दवाखान्यात डबा घेऊन आली, वरण-भात, आणि मी परत तेच रडगाणं सुरू केलं तेव्हा एकदम चिडली. “गप बस. तुझ्या आधी दोन वर्षं तिनं स्वतःच्या डोळ्यात घातलं होतं ते. तेही उजव्यातच. डावा पार गेला तिचा. कपाच्या बाहेर चहा ओतायची, आठवतंय का?”

आठवतंय. टेबलावर चहाचं तळं व्हायचं आणि आई म्हणायची, टेबलालाही तहान लागते. आम्ही हसायचो. मी आणि बाबा.

“आणि तुझ्या डाव्यात का नाही घातलं, सांगू?” मावशी म्हणाली. “मला म्हणाली होती, लीला, उद्या हे विष निघालं तर पोरीला एक तरी राहू दे.”

मग मला जे सांगितलं ते खोटं होतं का? मला वाटतं दोन्ही खरं असेल. ती तशीच होती. तिला कळायलाही हवं होतं आणि भीतीही वाटत होती, आणि त्यातलं जे कठोर ते तिने मला सांगितलं. हे समजल्यापासून मी कोणावर रागवायचं तेच सुचत नाही.

तर आईची इच्छा होती की ती गेल्यावर तिचे दोन्ही डोळे काढून प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवावेत आणि कुठल्या पडद्यात किती पेशी टिकल्या ते मोजावं. त्यासाठी काही तासांच्या आत काढावे लागतात. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यातला फुगा फुटला (हो, हाही तिच्याकडूनच आलाय) तेव्हा मी तीर्थनला होते, फोन लागत नव्हता. लीलावती मावशी डॉक्टर घेऊन घरी गेली आणि बाबांनी त्यांना दारातून परत पाठवलं.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. बाबा म्हणाले, “तुझ्यासाठी थांबवलं. तुला तुझी आई पूर्ण दिसायला हवी होती.”

मी म्हटलं, “तिला काय हवं होतं ते कोण बघणार होतं?”

“तू होतीस का इथे?”

एवढंच. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तेलीबाग ते विकास नगर, एकाच शहराची दोन टोकं, आणि तीन वर्षं.

म्हणून: मंगळवारी मी टेबलावरून उठले नाही तर माझे दोन्ही डोळे, मागच्या नसांसकट, आणि मेंदू त्यांना चालत असेल तर मेंदूही, आईच्या प्रयोगशाळेला द्यावेत. डोळे एकत्रच न्यावेत. एकटा उजवा नेऊन उपयोग नाही, एकट्या डाव्याला तर काहीच अर्थ नाही. आई ज्या बर्फाच्या स्टीलच्या थर्मासमधून बाटल्या घरी आणायची तो माझ्याकडे होता, तो आता लीलावती मावशीला दिला आहे. शक्य असेल तर त्यातूनच न्यावेत. हा शास्त्रीय मुद्दा नाही. हट्ट आहे.

मला बघायला कोणी दूरवरून येत असेल तर त्याच्यासाठी थांबू नये.

५. बँकेत जे काही असेल ते समीरच्या अम्मींना. भाड्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, शेवयांबद्दलच बोलल्या.

६. माझे वडील, पंढरीनाथ खटावकर, बँकेतून निवृत्त, यांना मी काहीही देत नाही.

हे वाचून समीर म्हणाला, “अरे, इतना ग़ुस्सा?” राग आहेच. पण हे रागाने नाही. अवयव द्यायचे तर दोन साक्षीदारांपैकी एक जवळचा नातेवाईक लागतो, हे त्यानेच मला सांगितलं. मला जवळचे नातेवाईक एकच आहेत. त्यांच्या नावाने मी आईचा चष्मा लिहिला होता. मग खोडला. काही घेतलं तर ते साक्षीदार राहणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी फक्त ती रिकामी जागा ठेवते.

ते येणार नाहीत. समीरने “अंकल को फ़ोन करूँ?” विचारलं तेव्हा मी खबरदार म्हटलं. आणि आले तरी बाबा माणूस असा की दुधाच्या पावतीवरही वाचल्याशिवाय सही करत नाहीत. बँकेत पस्तीस वर्षं काढली. हे सगळं वाचून ते कशी करतील? मीच केली नसती.

वर लिहिलेलं मी माझ्या हाताने लिहिलं आहे, खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: विकास नगर, लखनऊ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: पूर्वा पं. खटावकर

साक्षीदार १: समीर अहमद सिद्दीकी (सही)
साक्षीदार २, नाते:

ता. क. वरची ओळ रिकामी सोडून कागदाची घडी घालणार होते. खोलीत दुधाच्या साबणाचा वास आला, तेलीबागच्या न्हाणीघरातला. मला वाटलं भास. मग माझ्या डाव्या बाजूने, अगदी जवळून, कोणीतरी घसा खाकरला.

बाबा आले आहेत. किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे. हात हलवून बघितला असणार, मला दिसतंय का म्हणून. हात अजून वरच होता. समीर जिन्यात दुसरीकडे बघत उभा आहे.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, “सही कुठं करायची?”