माळेतली माझी जागा

मी, खाली सही करणारा, वय बावीस, प्राचार्यांशी भांडून कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलेला, सध्या मामांच्या दुकानात नाताळच्या जुन्या दिव्यांचा काळ ठरवणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

१. माझं भिंग मामांना. मामा, तुम्हीच शिकवलंत: आतली हवा काढून बंद केलेलं काचेचं टोक डोक्यावर असेल तर दिवा फार जुना, पुढे हवा बुडातून काढू लागले. दुकानात आलेल्या त्या जुन्या खोक्यातल्या, माणसाच्या चेहऱ्याच्या घडणीच्या तिन्ही दिव्यांना टोक आहे. चेहरे मात्र आजचे. एक माझा, कानाजवळच्या तिळासकट. एक समोरच्या शिंपीणबाईंच्या मुलीचा. तुम्ही म्हणालात, "गाढवा, रंग उडाला की कुणीही कुणासारखं दिसतं."

२. तिचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा रागाच्या भरात आमचे दोन दिवे मी जुन्या माळेत शेजारी लावले. जळायचं तर दोघांनी! मामांनी ओरडत प्लग उपटला. मी कोसळलो. समोर तीही कोसळली, हातात कात्री तशीच. प्लग परत लावल्यावर दोघं उठलो. तेव्हापासून माळ विझवलेली नाही.

३. मोटरसायकल धाकट्या भावाला. आधी ब्रेक दुरुस्त कर, शहाण्या. प्राचार्यांना काहीही नाही.

४. अशा माळेत एक दिवा गेला की सगळे विझतात. माझ्या दिव्याची काच आतून काळी पडत चालली आहे आणि माझ्या डाव्या डोळ्यात तेवढाच अंधार आहे. तिची काच स्वच्छ आहे. ती काल विचारत होती, "वेडपट, तुझी माळ दिसली नाही तर मला श्वास का लागतो रे?" मी सांगितलं नाही. कोणीही सांगू नये.

५. तिसऱ्या दिव्याला चष्मा आहे. तो तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा. मी तो फोडायला हातोडी घेतली होती. आता तो त्यालाच देतो. माझा दिवा गेला की वायरमनकाकांनी तत्काळ माझ्या जागी तो बसवावा. त्या नवऱ्या मुलाला बोलावून सगळं दाखवलं आणि विचारलं, घेशील ही जागा? तो चष्मा पुसत राहिला, मग एवढंच म्हणाला, "तिच्या शेजारचीच जागा ना?"

एक ठेवून द्यावीशी वाटली. पण उत्तर बरोबर होतं.

ज्याला लाभ त्याची साक्ष नको, एवढा कायदा मला येतो. म्हणून त्याची सही घेतलेली नाही.

स्थळ: दुकानाचा माळा
दिनांक: नाताळचा आदला दिवस, दुपार
(सही) भाचा

साक्षीदार:
(सही) घड्याळजी
(सही) वायरमन. सही करताना माळ चालू होती. चष्मेवाला नवरा मुलगा आपला दिवा हातात घेऊन शेजारी बसला आहे.