शिपायाने वाजवलेली घंटा

दावणगेरे, सोमवार

तीर्थस्वरूप हालप्पा भावोजींना धाकट्या मेहुण्याचे, कोट्रेशचे, शरणु शरणार्थी.

तिकडे हरिहरला आपण खुशाल असाल असं लिहायची रीत आहे, पण मी लिहीत नाही. तुम्ही खुशाल नाही, हे मी माझ्या हाताने कागदावर काढून पाहिलंय. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र, आजच हातोहात पाठवतोय. (मागचं पत्र लाल शाईने सतरा चुका दाखवून परत पाठवलंत. मुख्याध्यापक निवृत्त होतो, त्याचं लाल पेन होत नाही.)

परवा चक्कर आली म्हणून तुम्ही आमच्या दवाखान्यात आलात. सव्वीस वर्षं मी इथे लोकांच्या छातीला तारा लावून ईसीजी काढतोय. सुरुवात फरशी पुसण्यापासून केली, हे तुम्ही रांगेतल्या सगळ्यांना ऐकवलंत. मग गळ्यातलं इष्टलिंग काढणार नाही म्हणून अडून बसलात. काढा असं मी म्हणालोच नव्हतो. अर्ध्या गावाची इष्टलिंगं मी चांदीच्या डबीसकट, दोरा न काढता, उजव्या खांद्यावर बसवली आहेत. तरी तुम्ही ओरडलात, "कोट्र्या, देवाला हात लावशील तर बघ!" त्या ओरडण्याने पहिली पट्टी वाया गेली.

दुसऱ्या पट्टीवर ठोके मिनिटाला बेचाळीस, अगदी नेमाने पडणारे. पण उंच टोकाच्या आधी जो छोटा उंचवटा हवा, तो नाही. तो टोकाच्या मागे, आणि तोही उलटा, खड्ड्यासारखा. तुमच्या भाषेत सांगतो. शाळेची घंटा वरच्या खोलीतल्या साहेबांच्या हुकमाने वाजते. साहेबांना डुलकी लागली, तर जिन्याच्या वळणावरचा शिपाई ती आपणहून वाजवतो, आपल्या सावकाश चालीने. शाळा चालू राहते, कुणाला पत्ता लागत नाही. फक्त वर्दी खालून वर जाते, म्हणून कागदावर उलटी उमटते. हृदयाच्या अशा चालीला जंक्शनल म्हणतात. शिपाई जागा आहे म्हणून तुम्ही आहात, भावोजी.

यंत्राने मात्र छापलं : ठोके मंद, बाकी ठीक. नव्या डॉ. तेजस्वींनी त्याखाली सही ठोकली. मी हळूच म्हटलं, "सर, जंक्शनल वाटतंय."

"हातांच्या तारा उलट्यापालट्या केल्यात तुम्ही. नाहीतर ती डबी नडली."

तारा उलटल्या असत्या तर पहिल्या ओळीतलं उंच टोकही उलटलं असतं. एवढं फरशी पुसणाऱ्यालाही कळतं. मी तिसरी पट्टी काढली. खड्डा तिथेच. तेव्हा तुम्ही काय केलंत? डॉक्टरांकडे बघून हसलात. "लहानपणी चड्डीसुद्धा उलटी घालायचा हो, साहेब!" रांग खदखदली. (चड्डी तुमचीच जुनी होती, कापून दिलेली. तिची सुलटी बाजू देवाला ठाऊक.) मग "खेळाडूचं हृदय आहे माझं" म्हणत तुम्ही लोण्यातले बेण्णे दोसे खायला गेलात.

पट्टी घेऊन मी म्हाताऱ्या डॉ. उमापतींकडे गेलो. त्यांनी कागदाच्या कडेवर पेन्सिलीने ठोके मोजले आणि एकच विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी म्हटलं, काही नाही. काल तुमची विसरलेली छत्री द्यायला आलो, तेव्हा तुम्ही आंघोळीला होता. फडताळात होन्नम्मा अक्काच्या हृदयाच्या गोळ्यांचा डबा दिसला. अक्काला जाऊन आठ महिने झाले. ती गेली तेव्हा डबा भरलेला होता; आता तळ दिसतोय.

तुमचा,
कोट्रेश

ता. क. : ती गेल्यापासून छाती धडधडते, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, आणि औषध वाया जाऊ नये म्हणून तिचं तुम्ही घेऊ लागलात. खरं ना? डॉ. उमापती म्हणतात, त्या गोळ्या जास्त झाल्या की वरचे साहेब असेच झोपतात. आजपासून एकही नको. उद्या सकाळी नऊला गाडी घेऊन येतोय. डबा बरोबर घ्या.

ता. क. २ : चुकांवर लाल खुणा जरूर करा, पण गाडीत बसून.

ता. क. ३ : अक्काच्या शेवटच्या पट्टीवरही तो उलटा खड्डा होता. मी पाहिला होता. डॉक्टरांची सही झालेली होती, म्हणून मी ती घडी घालून पाकिटात घातली.